जहाजाचे छिद्र आणि वरच्या मजल्याचे पाणी



सहीह बुखारीत हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांनी निवेदन केलेली एक हदीस आपण जुम्याच्या खुत्ब्यात अथवा एखाद्या इज्तिमात अनेकदा ऐकली असेल. अल्लाहने आखून दिलेल्या मर्यादा सांभाळणारे आणि त्या ओलांडणारे यांची तुलना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका जहाजातील प्रवाशांशी केली आहे. प्रवाशांनी चिठ्ठ्या टाकून जागा वाटून घेतल्या. काहींच्या वाट्याला वरचा मजला आला, काहींच्या वाट्याला खालचा. खालच्यांना पाणी हवे असले की वर जावे लागे आणि वरच्या लोकांमधून वाट काढावी लागे. तेव्हा त्यांनी विचार केला की आपल्याच वाट्याच्या भागात एक छिद्र पाडले तर वरच्यांना आपला त्रास होणार नाही. प्रेषितांनी (स.) पुढे सांगितले की वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सारेच बुडतील, आणि त्यांचे हात धरले तर तेही वाचतील व सारेच वाचतील.

सत्कृत्यांचा आदेश आणि दुष्कृत्यांना प्रतिबंध या कर्तव्याच्या संदर्भात ही हदीस सांगितली जाते आणि तो संदर्भ योग्यच आहे. परंतु गेल्या काही दशकांत जगाच्या अनेक किनाऱ्यांवर असा एक प्रश्न उभा राहिला आहे, ज्याला ही उपमा जवळजवळ शब्दशः लागू पडते. समुद्राच्या तळाला छिद्र पाडून खनिज तेल काढावे काय? ज्यांच्या किनाऱ्यासमोर ते काढले जाते, त्यांना ‘नको’ म्हणण्याचा अधिकार आहे काय? आणि जो ‘नको’ म्हणतो, पण तेच तेल स्वतः जाळतो, त्याच्या ‘नको’ला काही नैतिक मोल उरते काय? यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तो थेट आपल्या घरात येऊन बसतो.

वाळूवर धरलेले हात

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रात तेलविहिरी खोदण्यावरील बंदी उठवावी, असा प्रयत्न २००९ साली तेथील विधिमंडळात सुरू झाला. एका किनारी गावात उपाहारगृह चालवणाऱ्या एका गृहस्थाने त्याविरुद्ध एक साधी कल्पना मांडली. ठरलेल्या दिवशी लोकांनी समुद्रकिनारी यावे, एकमेकांचे हात धरून वाळूवर रांग करावी, काही मिनिटे उभे राहावे आणि शांतपणे घरी जावे. १३ फेब्रुवारी २०१० रोजी हजारो लोक असे उभे राहिले. समुद्रातील तेलखोदाई नको आणि स्वच्छ ऊर्जा हवी, या दोन गोष्टी त्यांनी एकत्रच मागितल्या होत्या.

त्यानंतर दहा आठवडेही झाले नव्हते. २० एप्रिल २०१० च्या रात्री त्याच मेक्सिकोच्या आखातात, लुईझियाना राज्यासमोर, ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या खोदयंत्रणेवर स्फोट झाला. अकरा कामगार मृत्युमुखी पडले. दोन दिवसांनी यंत्रणा बुडाली. जेथे ही विहीर होती तेथे समुद्राची खोलीच सुमारे दीड किलोमीटर होती आणि विहीर समुद्रतळाच्याही खाली सुमारे चार किलोमीटर गेली होती. अशा वेळी विहिरीचे तोंड बंद करण्यासाठी जे अवजड उपकरण तळावर बसवलेले असते, ते ऐनवेळी निकामी ठरले. ८७ दिवस तेल वाहत राहिले. सरकारी शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार सुमारे ४९ लाख पिंपे तेल विहिरीतून बाहेर पडले. आखातातील अमेरिकेच्या संघीय सागरी क्षेत्राचा एक तृतीयांशाहून अधिक भाग मासेमारीसाठी बंद करावा लागला. दलदली, पाणथळ जागा, पक्ष्यांची घरटी आणि शिंपल्यांची वाफे तेलाने माखली.

राष्ट्रीय चौकशी आयोगाने जानेवारी २०११ मध्ये अहवाल दिला. विहिरीच्या कामात घेतलेल्या अनेक निर्णयांनी वेळ आणि पैसा वाचवला, पण धोका वाढवला, असे त्यात दाखवून दिले होते. त्या निर्णयांमागे आखात बुडवावे अशी कोणाची इच्छा नव्हती. जहाजाच्या खालच्या मजल्यावरील माणसांचीही तशी इच्छा नव्हती. प्रेषितांच्या (स.) उपमेतील ही गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. छिद्र पाडणारे दुष्ट होते असे हदीसमध्ये कोठेही म्हटलेले नाही. वरच्यांना त्रास होऊ नये, असाच त्यांचा विचार होता. हेतू चांगला असला तरी पाणी आत शिरायचे ते शिरतेच.

२६ जून २०१० रोजी, तेल अजून वाहत असताना, लोक पुन्हा हात धरून वाळूवर उभे राहिले. या वेळी फ्लोरिडाबाहेर, अमेरिकेतील इतर राज्यांत आणि अन्य देशांतही माणसे उभी राहिली. पुढे २०१८ च्या नोव्हेंबरात फ्लोरिडाच्या मतदारांनी राज्याच्या अखत्यारीतील समुद्रात तेल व वायूसाठी खोदाई करण्यास राज्यघटनेतच बंदी घातली. त्या दुरुस्तीला ई-सिगारेटवरील निर्बंधही जोडलेले होते, तरी जवळपास ६९ टक्के मते तिच्या बाजूने पडली. दूरच्या संघीय समुद्रात विहिरी चालूच आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे. किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती जेवढे होते, तेवढे त्यांनी केले.

‘आमच्या वाट्यात’ म्हणजे कोणाच्या?

खालच्या मजल्यावरील लोकांचा युक्तिवाद एका शब्दावर उभा होता: आमचा वाटा. आज हाच युक्तिवाद कायद्याच्या भाषेत केला जातो. समुद्राचे चौकोन आखले जातात, त्यांना क्रमांक दिले जातात, त्यांचा लिलाव होतो आणि ज्याने बोली जिंकली त्याचा तो वाटा ठरतो. कायद्याने तो वाटा खराच असतो. परंतु पाण्याला हा कायदा ठाऊक नसतो. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या वाळूवर डांबराचे काळे गोळे येऊन पडतात. ते कोणत्या जहाजाने सोडले वा कोणत्या विहिरीतून आले, हे गोळ्यावर लिहिलेले नसते. आलेला गोळा उचलतो तो किनाऱ्यावरचा माणूस.

इस्लामने या ‘वाट्या’च्या कल्पनेला फार आधीच मर्यादा घातली आहे. सुनन अबू दाऊदमधील एका हदीसनुसार पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत सर्व मुस्लिम भागीदार आहेत. तिसरा शब्द विचार करण्याजोगा आहे. वाळवंटातील माणसाला आग म्हणजे ऊब, स्वयंपाक आणि रात्रीचा प्रकाश. आजच्या भाषेत आपण त्याला ऊर्जा म्हणतो. तेलाचा विचार करताना या तीनपैकी दोन गोष्टी एकाच जागी येतात, कारण आगीसाठी आपण पाणी पणाला लावतो.

हदीसग्रंथांतील आणखी एक प्रसंग येथे आठवतो. हजरत अबयज बिन हम्माल (रजि.) यांनी यमनमधील मारिब येथील मिठाची जागा मागितली आणि प्रेषितांनी (स.) ती त्यांना देऊ केली. तेव्हा उपस्थितांपैकी एकाने निदर्शनास आणून दिले की ही तर अखंड वाहत्या पाण्यासारखी, सर्वांच्या उपयोगाची जागा आहे. हे कळताच प्रेषितांनी (स.) दिलेला शब्द मागे घेतला. या प्रसंगात फिकहच्या अभ्यासकांनी खनिजांच्या मालकीविषयी पुष्कळ चर्चा केली आहे. आपल्यासाठी त्यातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली ही की सर्वांच्या गरजेची नैसर्गिक संपत्ती एकाच्या हाती देण्यापूर्वी सर्वांचा विचार व्हावा लागतो. दुसरी ही की सभेतील एका सामान्य माणसाने हरकत घेतली, ती ऐकली गेली आणि निर्णय बदलला. ज्यांना किनाऱ्यावरच्या लोकांचा विरोध म्हणजे प्रगतीत अडथळा वाटतो, त्यांनी मारिबच्या मिठाजवळ थोडे थांबावे.

आणि या जहाजात आणखी काही प्रवासी आहेत, ज्यांनी अजून चिठ्ठीही उचललेली नाही. उद्योगयुगाच्या आरंभापूर्वी हवेतील कर्बवायूचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहे. कोळसा, तेल व वायू जाळणे हे त्याचे प्रमुख कारण आहे. समुद्र तापतो आहे, त्याची पातळी वाढते आहे. तेलगळती ही दिसणारी हानी आहे. पण विहीर कधीही फुटली नाही, प्रत्येक थेंब सुरक्षितपणे आपल्या गाडीच्या टाकीत पोहोचला, तरी तो जळल्यावर हवेतच जातो. आपल्या नातवंडांचा वाटा आपण त्यांना न विचारता वापरत आहोत.

लाभ आणि हानी यांचा तराजू

येथे एक प्रामाणिक गोष्ट बोलली पाहिजे, नाहीतर हा लेख दूरच्या लोकांना उपदेश करण्यापुरता राहील.

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील किती मुस्लिम घरांचा पाया आखाती देशांतील पगारावर उभा आहे, हे आपल्याला कोणी सांगण्याची गरज नाही. कुवेत, सौदी अरेबिया, कतार, अमिराती येथे वडिलांनी, काकांनी, भावांनी घाम गाळला. त्या पैशातून मुलींची लग्ने झाली, मुले शिकली, गावची मशीद पक्की झाली, आईवडिलांचा हज झाला. त्या देशांची समृद्धी तेलातून आली होती. इकडे आपल्या समोरच्या अरबी समुद्रात, मुंबईपासून दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावर, १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने तेल शोधून काढले. मुंबई हाय या क्षेत्राने देशाला कठीण काळात आधार दिला. तेथील वायूवर उरणला प्रक्रिया होते, त्यातून सिलिंडरचा गॅस तयार होतो आणि कितीतरी चुली धुरातून मुक्त झाल्या. धुराने डोळे चोळणाऱ्या आपल्या आजीला विचारले तर ती या लाभाला क्षुल्लक म्हणणार नाही.

म्हणून तेल हराम आहे, असे कोणी म्हणत नाही आणि तसे म्हणण्याचा आमचा अधिकारही नाही. परंतु पवित्र कुरआनने आपल्याला तोलण्याची एक पद्धत शिकवली आहे. सूरह बकरामध्ये (२:२१९) मद्य आणि जुगार यांच्याविषयी विचारले गेले असता, त्यांत लोकांसाठी काही लाभ आहेत हे आधी मान्य केले आहे आणि मग त्यांतील पाप त्या लाभाहून मोठे असल्याचे सांगितले आहे. तेल म्हणजे मद्य नव्हे. तुलना वस्तूंची नाही, रीतीची आहे. लाभ नाकारायचा नाही आणि लाभाकडे पाहून हानीही विसरायची नाही. दोन्ही पारड्यांत जे आहे ते ठेवायचे आणि काटा पाहायचा. सूरह रहमानमध्ये (५५:७-९) आकाश उंच केल्याच्या उल्लेखासोबतच तराजूचा उल्लेख येतो आणि त्या तोलात अतिरेक न करण्याची ताकीद येते. फिकहमधील नियम असा की लाभ मिळवण्यापेक्षा बिघाड टाळण्याला अग्रक्रम द्यावा, आणि सार्वजनिक हानी टाळण्यासाठी खासगी हानी सोसावी.

आपल्या समुद्राच्या पारड्यातही काही वजने आहेत. मे १९९३ मध्ये मुंबई हायकडून उरणकडे येणारी तेलवाहिनी फुटली आणि समुद्रात तेल पसरले. २७ जुलै २००५ रोजी एका नौकेवरील स्वयंपाक्याची बोटे कापली गेली. उपचारासाठी त्याला मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर पोहोचवताना नौका तेल-वायूच्या उभ्या नळांवर आदळली. आग भडकली, दोन तासांत सारा प्लॅटफॉर्म नष्ट झाला आणि २२ जणांचा जीव गेला. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात याच परिसरात कामगारांना घेऊन असलेला ‘पी-३०५’ हा बार्ज बुडाला. सत्तरहून अधिक माणसे मरण पावली. ही माणसे तेल पिणारी नव्हती, पगारासाठी समुद्रात गेलेली होती. त्यांच्या घरी जे घडले ते पेट्रोलच्या दरफलकावर कधी लिहिले जात नाही.

खालच्या मजल्यावरची तहान

आता तो अवघड प्रश्न. जो मोटारीने किनाऱ्यावर येतो, हात धरून तेलखोदाईला विरोध करतो आणि पुन्हा मोटारीनेच घरी जातो, त्याला दांभिक म्हणायचे काय?

फ्लोरिडाच्या बाबतीत हा आक्षेप घेतला गेला आणि त्यात तथ्य होते. ते राज्य स्वतः नगण्य तेल काढते, पण पेट्रोल जाळण्यात अमेरिकेतील पहिल्या काही राज्यांत मोडते. त्याचा किनारा पर्यटकांसाठी स्वच्छ राहावा आणि तेल मात्र लुईझियानासमोरून यावे, असा या व्यवहाराचा अर्थ निघू शकतो. तिकडे लुईझियानात काय झाले? डीपवॉटर होरायझननंतर सरकारने खोल समुद्रातील नव्या खोदाईला काही महिन्यांची स्थगिती दिली, तेव्हा ज्या राज्याचा किनारा सर्वाधिक काळवंडला होता, त्याच राज्यातील हजारो लोक जुलै २०१० मध्ये स्थगितीच्या विरोधात एकत्र आले. त्यांची चूल तेलविहिरींवर पेटत होती. तेथे एकाच घरातला एक भाऊ मासेमारी करतो आणि दुसरा तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जातो. मॉर्गन सिटी या गावी तर दर वर्षी कोळंबी आणि पेट्रोलियम या दोहोंच्या नावाने एकच उत्सव भरतो.

आता पुन्हा हदीसकडे वळू या. खालच्या मजल्यावरच्यांना छिद्र का पाडावेसे वाटले? त्यांना तहान लागली होती. पाणी वर होते. प्रत्येक वेळी वर जाताना वरच्यांना त्रास होत असल्याचे त्यांना जाणवत होते. कदाचित कपाळावरच्या आठ्या त्यांनी पाहिल्या असतील. प्रेषितांनी (स.) हात धरण्याची आज्ञा केली आणि ती निःसंशय आहे. पण जरा विचार करा, हात धरल्यानंतर संध्याकाळी काय होईल? तहान तशीच असेल. वरच्यांनी पाण्याची वाट मोकळी केली नाही, तर हे लोक रात्री, कोणी पाहत नसताना, पुन्हा छिद्र पाडायला बसतील. ज्याने हात धरला त्याच्यावर पाणी खाली पोहोचवण्याची जबाबदारीही येऊन पडते. आमच्या अल्प समजुतीप्रमाणे या उपमेतच ती सुचवलेली आहे, कारण भांडण पाण्याच्या गरजेवरून सुरू झाले आहे.

म्हणून त्या मोटारवाल्याला दांभिक ठरवण्याची घाई आपण करू नये. ज्या व्यवस्थेत दुसरा मार्गच उपलब्ध नाही, तेथे माणूस गरजेपोटी तेल वापरतो, आणि गरजेची सवलत शरीअतलाही मान्य आहे. आजारी माणूसही रोगाविरुद्ध बोलू शकतो. पण त्या सवलतीला एक अट असते: गरज संपवण्याचा प्रयत्न चालू असला पाहिजे. केवळ ‘माझ्या किनाऱ्यासमोर नको’ असे म्हणून थांबणारा विरोध वरच्या मजल्यावरच्या माणसाची आठी आहे. ‘येथे नको, आणि हे घ्या पाणी’ असे म्हणणारा विरोध प्रेषितांच्या (स.) शिकवणीजवळ येतो. वाळूवर उभ्या राहिलेल्या लोकांनी स्वच्छ ऊर्जेची मागणी सोबत जोडली, तिचे मोल यासाठी आहे. ती मागणी काढून टाका, मागे केवळ सुंदर किनारा बाळगण्याची हौस उरते.

याच न्यायाने श्रीमंत राष्ट्रांनाही प्रश्न विचारला पाहिजे. सामान्य अमेरिकन माणूस सामान्य भारतीयाच्या कितीतरी पट तेल वापरतो. ज्यांनी शंभर वर्षे मनसोक्त जाळले, त्यांनी आज गरीब देशांचे हात धरावेत आणि स्वस्त तंत्रज्ञान वा अर्थसाहाय्य मात्र देऊ नये, हा न्याय नाही. दुसऱ्यांकडून पुरेपूर मापून घेणारे आणि देताना माप कमी करणारे, अशा लोकांचा सूरह मुतफ्फिफीनमध्ये (८३:१-३) धिक्कार केला आहे. तो केवळ बाजारातल्या वाण्यासाठी नाही.

पाणी खाली पोहोचवायचे म्हणजे काय

सूरह रूममध्ये (३०:४१) सांगितले आहे की माणसांच्या हातच्या कमाईमुळे जमिनीवर आणि समुद्रात बिघाड माजला, तो यासाठी की त्यांनी आपल्या काही कृत्यांची चव चाखावी आणि कदाचित परत फिरावे. ही आयत पर्यावरणाच्या चर्चेत नेहमी येते. पण तेथून पाचच आयती पुढे (३०:४६) वाऱ्यांचा उल्लेख आहे. ते शुभवार्ता घेऊन येतात, अल्लाहच्या कृपेची चव चाखवतात, त्यांच्यामुळे जहाजे चालतात आणि माणूस त्याची कृपा शोधतो. दोन्ही ठिकाणी चव चाखण्याचा शब्द आहे. एकदा आपल्या कर्माची चव, एकदा त्याच्या कृपेची. यात पवनचक्कीचे भाकीत शोधण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच म्हणायचे आहे की बिघाडाच्या उल्लेखानंतर अल्लाहने माणसाला निराशेत सोडलेले नाही. वारा आणि सूर्य हे त्याने आपल्या सेवेस लावलेले आहेत, त्यांच्यासाठी कोणाच्या समुद्राला भोक पाडावे लागत नाही.

उम्मतमध्ये ही जाणीव नवी नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये इस्तंबूल येथे अनेक देशांतील मुस्लिम विद्वान व जाणकार यांनी हवामान बदलावर एक जाहीरनामा संमत केला. त्यात श्रीमंत आणि तेल उत्पादक देशांना आवाहन होते की कर्बवायूचे उत्सर्जन थांबवण्यात त्यांनी पुढाकार घ्यावा आणि शतकाच्या मध्यापर्यंत ते संपवावे. मराकेशमधील बाराव्या शतकातील कुतुबिया मशिदीवर २०१६ साली सौर पॅनल बसले. मोरोक्कोच्या शासनाने इतर मशिदींसाठीही असा कार्यक्रम हाती घेतला. जकार्ताच्या भव्य इस्तिकलाल मशिदीच्या छतावर पाचशेहून अधिक सौर पॅनल आहेत. नमाजी तेथे वर न पाहताच नमाज अदा करतात, आणि दिवे सूर्याच्या प्रकाशावर जळतात.

स्वच्छ ऊर्जेलाही तिचे हिशेब आहेत. बॅटरीसाठी लागणारी खनिजे कोणाच्या तरी जमिनीतून, कोणाच्या तरी कष्टाने निघतात. पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांसाठी गायराने जातात. अमानतीचा प्रश्न तेथेही विचारला पाहिजे. आणि हेही स्पष्ट असावे की आपल्याकडची वीज मुख्यतः कोळशापासून बनते. छतावर पॅनल बसवले म्हणून समुद्रातील एक विहीर आपोआप बंद होत नाही. तेल मुख्यतः वाहनांत जळते. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. म्हणून छतावरचा सूर्य आणि रस्त्यावरचा संयम या दोन्ही गोष्टी सोबत चालल्या पाहिजेत.

वाचकहो, मग आपण काय करावे? आपल्या मशिदीच्या कमिटीत हा विषय काढा. छत उन्हात दिवसभर तापत असते आणि विजेचे बिल दर महिन्याला चंद्यातून भरले जाते. घरासाठी शासनाच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या यंत्रणेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. चार घरांनी मिळून माहिती काढली तर काम सोपे होते. जुम्याला एका गल्लीतून चार मोटारसायकली निघत असतील, तर दोन निघू द्या. लग्नाच्या वरातीत गाड्यांची लांबलचक रांग ही इस्राफच आहे, मग पेट्रोलचे पैसे कोणीही भरोत. प्रेषितांनी (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे ओंजळीभर पाण्यात, वुजू केल्याचे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ज्या उम्मतला वुजूच्या पाण्याचाही हिशेब शिकवला गेला, तिला इंधनाचा हिशेब कठीण वाटू नये.

आणि जेव्हा आपल्या किनाऱ्यावर एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल, तेव्हा घरी बसू नका. मासेमारी करणारे आपलेच भाईबंद, कोळी बांधव, बागायतदार, सारे एकाच जहाजात आहेत. अभ्यास करून, कायद्याच्या चौकटीत, शांतपणे आपले म्हणणे मांडा. मारिबच्या मिठाविषयी बोलणाऱ्या त्या अनाम माणसाने आवाज चढवला नव्हता, त्याने एक खरी गोष्ट योग्य वेळी सांगितली. पण बोलताना समोर उभ्या असलेल्या कामगाराकडेही पाहा. त्याची रोजी त्या प्रकल्पावर आहे. त्याला शत्रू समजू नका. त्याच्या मुलासाठी दुसरे काम कोणते, याचे उत्तर शोधण्यात सहभागी व्हा. आखातातून परतलेल्या आपल्या तरुणांपैकी कितीजण वीज, वेल्डिंग, पाइप जोडणी यांत तरबेज आहेत! सौर आणि पवन ऊर्जेला हीच हस्तकौशल्ये लागतात. ज्या हातांनी तेलाची शहरे उभी केली, त्याच हातांना नवे काम मिळाले तर पाणी खालच्या मजल्यावर पोहोचले असे म्हणता येईल.

कोणी विचारील, एवढ्या मोठ्या समुद्रात माझ्या एका छताने, माझ्या एका दुचाकीने काय होणार? प्रेषितांची (स.) एक शिकवण मुसनद अहमदमध्ये आहे. कियामत येऊन ठेपली असेल आणि तुमच्यापैकी कोणाच्या हाती खजुराचे रोप असेल, तर शक्य असल्यास त्याने ते लावावे. त्या रोपाला खजूर लागणार नाहीत, हे उघड आहे. तरीही लावायचे, कारण निकाल आपल्या हातात नाही, रोप मात्र आहे. अल्लाहच्या दरबारात समुद्र वाचला की नाही हा प्रश्न आपल्याला विचारला जाणार नाही. आपल्या हातात काय होते आणि त्याचे आपण काय केले, हे मात्र नक्की विचारले जाईल.

सर्वशक्तिमान अल्लाह आपल्याला त्याने दिलेल्या अमानतीची जाण देवो, हात धरण्याचे धैर्य आणि पाणी पोहोचवण्याची दयाबुद्धी या दोन्ही देवो, आणि समुद्रात रोजी शोधणाऱ्या सर्वांना सुखरूप घरी आणो. आमीन.